दारू सुटल्यानंतरचं वर्ष

दारू सुटलेल्या माणसाची गोष्ट दोन प्रकारे सांगितली जाते. एक लोक सांगतात ती, दुसरी तो स्वतः सांगतो ती. लोकांच्या गोष्टीत एक दिवस असतो. त्या दिवशी त्याने माळ घातली, किंवा मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, किंवा वणीच्या गडावर जाऊन शपथ घेतली, किंवा डॉक्टरांनी ‘आता प्यालात तर वाचणार नाही’ असं तोंडावर सांगितलं, आणि तेव्हापासून थेंब नाही. मनावर घेतलं की सुटते, एवढंच ऐकणाऱ्याच्या पदरात पडतं. दारूतून बाहेर आलेली माणसं स्वतः बोलायला लागली की मात्र तो दिवस दोन-तीन वाक्यांत उरकतो. पुढे ती बोलत राहतात झोपेबद्दल, पगाराच्या तारखेबद्दल, कामावरून घरी जायच्या रस्त्याबद्दल, खिशात किती पैसे ठेवायचे याबद्दल, आणि सगळं सुरळीत चालू असताना तिसऱ्या वर्षी एका हळदीत काय झालं त्याबद्दल.

नाशिकमध्ये व्यसनमुक्तीवर जो काही पैसा, वेळ आणि कौतुक खर्ची पडतं, ते बहुतेक सगळं पहिल्या गोष्टीला जातं. २६ जूनची प्रभातफेरी, शाळेतल्या शपथा, केंद्रातला महिना आणि निघतानाचा हार. माझं म्हणणं असं की दुसरी गोष्ट जास्त खरी आहे आणि शहराने आपली व्यवस्था तिच्या बेताने लावायला हवी. एका बाबतीत मात्र बरं झालेल्या माणसाचंही ऐकू नये. दारू थांबवायची कशी, हे त्याला विचारू नका. ते डॉक्टरला विचारा. याच ठिकाणी माणसं मरतात, म्हणून आधी तेच सांगतो.

ज्याला सकाळी हात कापतात म्हणून चहाच्या आधी घोट लागतो, अशा माणसाने दारू एकदम बंद केली तर शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो. हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात, छाती धडधडते, झोप उडते. फिट येणार असेल तर ती बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. माणूस घरच्यांना ओळखत नाही, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, अंथरूण चाचपत राहतो, अंगात ताप भरतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. घरच्यांना वाटतं दारू उतरत नाहीये, किंवा बाहेरचं काहीतरी लागलंय. प्रत्यक्षात दारू केव्हाच उतरलेली असते, आणि त्रास होतोय तो ती नसल्याचा. दारू मेंदूला मंद करते. रोज मंद केला जाणारा मेंदू त्यावर उपाय म्हणून स्वतःला जास्त चेतवून ठेवायला शिकतो. दारू अचानक गेली की ते चेतवणं तेवढं मागे उरतं, आणि ते शांत व्हायला काही दिवस लागतात.

यावर उपचार आहे आणि तो फार महागही नाही. मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या, म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम, आणि पाच ते दहा दिवसांत डोस पायरीपायरीने खाली आणायचा. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१. गल्लीतल्या दवाखान्यात नेमकी इथे चूक होते. पिणारा माणूस आठ-आठ दिवस धड जेवलेला नसतो, त्याच्या शरीरातला थायमिनचा साठा संपत आलेला असतो. घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा.’ ग्लुकोजची बाटली चढते आणि ते ग्लुकोज वापरताना शरीर उरलंसुरलं थायमिनही संपवतं. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो. वेळेत लक्षात आलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून बाटली लावण्याआधी घरच्यांनी एकच प्रश्न विचारावा: थायमिनचं इंजेक्शन दिलं का?

प्रत्येकाला भरती व्हावं लागतं असं नाही. पूर्वी कधी फिट किंवा भ्रम झालेला नाही, यकृताचा किंवा हृदयाचा मोठा आजार नाही, घरी सतत लक्ष ठेवणारं माणूस आहे, अशांना बाह्यरुग्ण विभागातून गोळ्या देऊन सांभाळता येतं. पण हे डॉक्टरने तपासून ठरवायचं. ‘मागच्या वेळी मी घरीच सोडली होती, काही नाही झालं’ हा पुरावा नाही. वारंवार सोडणाऱ्या-धरणाऱ्या माणसाला दर खेपेला थांबवण्याचा त्रास वाढत जाण्याचा धोका असतो. पहिल्या खेपेला नुसती थरथर, चौथ्या खेपेला फिट. आणि ज्याला फिट पलंगावर आली तोच पुढे अनुभव सांगायला उरतो, विहिरीच्या काठावर आली तो उरत नाही. बरं झालेल्यांच्या तोंडून ‘एका रात्रीत सोडली’ हे इतकं ऐकू येतं त्याचं एक कारण हेही आहे.

हाच हिशेब गावाच्या दारूबंदीलाही लागू होतो. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ला मत दिलं की दुकान बंद होतं. बायकांनी मिळवलेला हा हक्क मोलाचा आहे, तो वापरलाच पाहिजे. पण दुकान ज्या दिवशी बंद होतं त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या गावातल्या जुन्या पिणाऱ्यांपैकी काही जण वर वर्णन केलेल्या अवस्थेत जाणार, हे ठरलेलं आहे. त्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड असायला हवं, आशाताईंच्या हाती नावांची यादी हवी. दारू अचानक तुटते तेव्हा काय होतं ते टाळेबंदीने दाखवलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दुकानं बंद म्हणून सॅनिटायझर प्यायलेले लोक मरण पावले. दारूबंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही तयारी मागितली नाही तर त्यांचं काम अर्धं राहतं.

थांबवण्याचं एवढं पुरे. टिकवण्याचं ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे आता वळू.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, सुरू झाली १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात. बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस धंद्यातला सौदा फसल्यावर हॉटेलात एकटा होता, पिण्याची ओढ लागली होती, आणि त्याने बारकडे जाण्याऐवजी फोन करून दुसरा एखादा पिणारा माणूस बोलायला शोधला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ नावाचा सर्जन. त्या डॉक्टरने शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस एए आपला स्थापना दिवस मानते. विल्सनने त्या डॉक्टरला उपदेश केला नव्हता. स्वतःचं पिणं सांगितलं होतं, आणि ते सांगितल्यामुळे तो स्वतः त्या दिवशी वाचला होता. पुढची सगळी पद्धत या एका निरीक्षणावर उभी आहे: सांगणाऱ्याला सांगण्याने फायदा होतो. आपल्याकडे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. बरे झालेले मित्रच तिथे पुढे समुपदेशक झाले, आणि तेच निरीक्षण मराठी घरांपर्यंत पोचलं.

एएची मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. फी नाही, नाव पहिलंच सांगायचं, आडनाव विचारायचं नाही. एक जण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बोलण्याचे तीन भाग असतात: पूर्वी मी कसा होतो, काय घडलं, आता कसा आहे. नव्याने बसलेल्याचं लक्ष पहिल्या भागाकडे जातं, कारण त्यात मारामाऱ्या, गहाण पडलेले दागिने, गटारीकाठच्या रात्री असतात. वर्तमानपत्रंही तोच भाग छापतात. जुनी माणसं तिसऱ्या भागाकडे कान लावून असतात.

त्या तिसऱ्या भागात काय असतं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण केंद्रातून घरी येणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना याचीच कल्पना नसते.

झोप पहिली. दारू बंद झाल्यावर कित्येक आठवडे, काहींना कित्येक महिने, सलग झोप लागत नाही. हे अपेक्षित आहे, मेंदू सावरतो आहे. ज्याला हे माहीत नसतं तो विसाव्या दिवशी म्हणतो, ‘पीत होतो तेव्हा निदान झोपत तरी होतो,’ आणि एक तर गुत्त्यावर जातो नाहीतर ओळखीच्या मेडिकलवरून झोप आणणाऱ्या अल्प्राझोलामची पट्टी आणतो. दुसऱ्या मार्गाने गेलेला माणूस सहा महिन्यांनी दोन व्यसनं घेऊन परत येतो. थांबवताना दिलेल्या गोळ्या ठरल्या दिवशी संपल्याच पाहिजेत, आणि झोपेची तक्रार त्याच डॉक्टरकडे न्यायला हवी.

मग भूक. एए मध्ये चार गोष्टींची खूणगाठ सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. ओढ लागली की आधी बघा यातली कोणती आहे. ऐकायला फार साधं वाटतं, पण संध्याकाळी सहाला कंपनीतून सुटलेल्या माणसाच्या अंगात चारही एकदम असतात. म्हणून जुनी माणसं खिशात गूळ-शेंगदाणे ठेवायला सांगतात, साडेपाचलाच काहीतरी खाऊन घ्या म्हणतात, गोड खावंसं वाटलं तर पहिले दोन-तीन महिने स्वतःला अडवू नका म्हणतात, अर्थात मधुमेह नसेल तर. ओढ बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. खाऊन, फोन करून, अंघोळ करून, कसाही.

पैसे. पगाराचा दिवस हा पहिल्या वर्षातला सगळ्यांत धोक्याचा दिवस, हे सातपूर-अंबडच्या कुठल्याही बरं झालेल्या कामगाराला विचारा. त्यावरची व्यवस्था प्रत्येक जण थोडी वेगळी सांगतो, पण तिचा गाभा एकच: पगार घरच्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात वळवायचा, आपल्याजवळ दिवसाच्या चहा-पेट्रोलपुरते ठेवायचे, फोनवरून पैसे देण्याची रोजची मर्यादा खाली आणायची. इथे घरचे एक चूक करतात. सगळेच पैसे काढून घेतात, दहा रुपयांसाठीही हात पसरायला लावतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला तो अपमान रोज गिळावा लागला की त्यातून राग, आणि रागातून बाटली. थोडे पैसे त्याच्या हाती, त्याच्या हिशेबाने राहिलेच पाहिजेत.

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे धोक्याची वेळ वेगळी आहे. तिथे महिन्याचा पगार नाही, जानेवारी ते एप्रिलचा द्राक्षाचा हंगाम आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माणूस कामाच्या, फवारणीच्या, गारपिटीच्या धास्तीत असतो आणि त्या दिवसांत पुष्कळ जण नेटाने कोरडे राहतात. माल गेला, व्यापाऱ्याचे पैसे हातात आले, अंगातला जोर संपला आणि बागेत काम उरलं नाही, की पाय घसरतो. यश हाती आल्यावर, निवांतपणात घसरल्याचे अनुभव संकटात घसरल्याइतकेच ऐकायला मिळतात. बागायतदाराच्या समुपदेशनाचं वेळापत्रक कॅलेंडरच्या महिन्यांवर न लावता हंगामावर लावायला हवं, हे सरकारी पुस्तिकेत नसतं. निफाडच्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

आणि नाशिकची खास गोष्ट म्हणजे वाइन. या जिल्ह्यात वाइन हे पीक आहे, रोजगार आहे, पर्यटन आहे. मी त्या उद्योगाच्या विरोधात नाही. पण ‘वाइन म्हणजे दारू नव्हे, द्राक्षाचा रसच तो’ हे वाक्य या जिल्ह्यात जितक्या सहज बोललं जातं तितकं क्वचितच आणखी कुठे. वाइन सुपरमार्केटात विकण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हाही ते भरपूर ऐकलं. हिशेब करून बघा. व्हिस्कीची क्वार्टर १८० मिलीची, तिच्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनाने सुमारे ६० ग्रॅम. वाइनची बाटली ७५० मिलीची, तिच्यात साडेबारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे ७४ ग्रॅम. एक बाटली वाइन ही एका क्वार्टरपेक्षा जास्त दारू आहे. केंद्रातून आलेल्या पाहुण्याला ‘ही चालते रे’ म्हणून ग्लास पुढे करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही पुढच्या सहा महिन्यांच्या पिण्याची सुरुवात त्या ग्लासपासून होऊ शकते.

घसरण्याबद्दल, एएच्या भाषेत स्लिपबद्दल, बरी झालेली माणसं जे सांगतात ते आपल्या सार्वजनिक समजुतीच्या अगदी उलट आहे. लोकांना वाटतं, त्या दिवशी मोह झाला आणि प्याला. ती सांगतात की प्यायच्या पंधरा दिवस आधीच सगळं सुरू झालं होतं. मीटिंगला दांडी पडू लागली. स्पॉन्सरचा, म्हणजे आपल्या आधी बाहेर पडलेल्या ज्या माणसाला रोज फोन करायचा त्याचा, फोन टाळला. जुन्या मित्राला ‘फक्त सोबत’ म्हणून जाऊन बसला. घरी बारीकसारीक खोटं बोलणं परत आलं. ज्यांना डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असतात त्यांच्या बाबतीत तर हे तारखेने मोजता येतं. ही गोळी दारूचं शरीरात होणारं विघटन अर्ध्यावर अडवते. अ‍ॅसिटाल्डिहाइड हे दारूपासून बनणारं विषारी द्रव्य साठतं, आणि म्हणून गोळीवर दारू गेली तर चेहरा लाल होतो, धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणजे ज्याने लग्नाच्या दोन आठवडे आधी गोळी गुपचूप बंद केली त्याने पिण्याचा बेत त्याच दिवशी ठरवला होता. घरच्यांनी तोंडाचा वास घेत बसण्यापेक्षा गोळ्यांची पट्टी बघावी.

याच गोळीचा एक भयंकर वापर आपल्याकडे होतो. भिंतीवर जाहिरात असते: ‘नकळत दारू सोडवा’. पावडर आणायची आणि भाजीत, चहात घालायची. त्या पावडरीत काय असतं ते विकत घेणाऱ्या बाईला कोणी सांगत नाही. ते डायसल्फिराम असेल आणि ज्याला ते दिलंय तो माणूस बेसावधपणे प्याला, त्यातून त्याला हृदयाचा आजार असला, तर जीव जाऊ शकतो. त्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. ती सगळे उपाय करून थकलेली असते आणि कोणीतरी तिच्या थकव्यावर धंदा करतं. हे औषध पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने, यकृताची तपासणी करून आणि शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्यावरच सुरू करायचं असतं. खोकल्याच्या काही औषधांत आणि माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं, हेही त्याला सांगावं लागतं. ज्यांना ही गोळी झेपत नाही त्यांच्यासाठी नालट्रेक्सोन आहे, रोज ५० मिलिग्रॅम. तिने पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते. यकृत बघावं लागतं आणि अफूजन्य वेदनाशामकांबरोबर ती चालत नाही. अकॅम्प्रोसेट ही तिसरी गोळी यकृताला त्रास देत नाही, पण मूत्रपिंड तपासावं लागतं आणि दिवसाच्या सहा गोळ्या चुकवून चालत नाही.

घसरल्यावर पुढचे २४ तास काय होतं यावर बरंच ठरतं. एका संध्याकाळी प्यालेला माणूस दुसऱ्या दिवशी मीटिंगला जाऊन तेच सांगू शकला तर तो बहुधा परत उभा राहतो. ‘गेलं सगळं वर्ष पाण्यात’ असं त्याला घरी, कंपनीत, केंद्रात ऐकवलं, तर मग तोही म्हणतो, गेलंच आहे तर आता कशाला थांबू? काही केंद्रांत घसरलेल्याला सगळ्यांसमोर उभं करून लाज काढतात. त्याने फक्त खोटं बोलणं वाढतं.

आता या कथनांच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण मी त्यांच्या आधारावर शहराकडून काही मागणार आहे.

पहिली मर्यादा उघड आहे: जे टिकले तेच बोलतात. जे मीटिंगला चार वेळा येऊन गेले आणि परत आले नाहीत त्यांची बाजू त्या खोलीत ऐकू येत नाही. तरीही ही पद्धत नुसत्या श्रद्धेवर उभी आहे असं आता म्हणता येत नाही. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं तपासली गेली. एए आणि तिच्याकडे पद्धतशीर वळवणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षाच्या शेवटी ४२ टक्के पूर्ण कोरडे होते, इतर मान्यताप्राप्त उपचार घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. फरक मोठा नाही, पण तो फुकट मिळणाऱ्या गोष्टीच्या बाजूचा आहे. आणि त्याच आकड्यांत हेही आहे की निम्म्याहून अधिक लोक वर्षभरात कधी ना कधी प्यालेच. हे मान्य करून जी व्यवस्था उभी राहील तीच कामाची.

दुसरी मर्यादा बायकांची. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के स्त्रिया दारू पिणाऱ्या आढळल्या. म्हणून खोलीत पुरुषच असतात, कहाण्या पुरुषांच्या असतात, आणि पिणारी बाई संध्याकाळी सातच्या मीटिंगला येऊ शकत नाही. घरी स्वयंपाक असतो आणि ती तिथे दिसली तर तिचं काय होईल हे तिला माहीत असतं. तिच्यासाठी दुपारची वेळ, स्त्री समुपदेशक आणि सर्वसाधारण ओपीडीच्या आडून येता येईल अशी जागा लागते.

तिसरी, देवाची. एएच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वर आहे, ‘मला उमगलेला’ असा. वारकरी घरातल्या माणसाला ते जड जात नाही, काहींना मात्र तिथेच अडखळायला होतं. त्यांनी त्या पायऱ्यांतला लौकिक भाग तरी घ्यावा. चौथ्या पायरीत स्वतःचा लेखी आढावा, आठवीत ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी, नववीत शक्य तिथे भरपाई, पण ती करताना कोणाला नवी इजा होणार असेल तर नाही. कर्जाचे हप्ते, भावाचे बुडवलेले पैसे, सोसायटीचं देणं यांची वही घालून दरमहा पाचशे रुपये फेडणारा माणूस नववी पायरीच चढत असतो. आणि इगतपुरीचं विपश्यनेचं दहा दिवसांचं मौन शिबिर पुष्कळांना पुढे उपयोगी पडतं, पण कालपर्यंत पिणाऱ्याला तिकडे पाठवू नये. विड्रॉलच्या, म्हणजे दारू थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाच्या, दिवसांत त्याच्या उशाशी डॉक्टर हवा.

हे सगळं धरून नाशिककडे मागणं काय आहे? त्याच २०१९ च्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं, आणि भरती होऊन उपचार १८० जणांमागे एकाला. खाटा वाढवून ही दरी भरणार नाही. तेवढ्या खाटा कोणतंही शहर बांधू शकत नाही. वीस खुर्च्यांची खोली मात्र प्रत्येक प्रभागात आहे. एए बाहेरच्या कोणाकडून देणगी घेत नाही, थैली फिरते आणि सभासदच खर्च भागवतात. तेव्हा त्यांना अनुदान देऊ नका. महापालिकेच्या समाजमंदिरातली एक खोली आठवड्यातून तीन संध्याकाळी, साध्या भाड्याने, वर्षभर न बदलता द्या. न बदलता हे महत्त्वाचं, कारण घसरलेला माणूस आठ महिन्यांनी परत येतो तेव्हा तो जुन्याच दाराशी येतो. सिडको, सातपूर, नाशिकरोड, पंचवटी, देवळाली अशा पाच ठिकाणांपासून सुरुवात करता येईल.

दुसरं, ओपीडीची वेळ. सकाळी नऊ ते एकमध्ये यायचं तर कामगाराला खाडा पडतो आणि पहिल्या वर्षात त्याला नोकरी टिकवणं औषधाइतकंच गरजेचं असतं. जिल्हा रुग्णालय आणि नाशिकरोडचं बिटको रुग्णालय या दोन ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी पाच ते आठ व्यसनमुक्तीची ओपीडी ठेवायला एक मानसोपचारतज्ज्ञ, एक समुपदेशक आणि औषधांचा साठा एवढं लागतं.

तिसरं, मोजणी. ‘इतके रुग्ण व्यसनमुक्त होऊन घरी’ हा आकडा केंद्रांनी देणं आणि आपण छापणं बंद करावं. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी फोन करून किंवा घरी जाऊन नोंद घ्यावी: गेल्या तीस दिवसांत किती दिवस प्यालात, किती दिवस कामावर गेलात, औषध चालू आहे का. जो सापडला नाही त्याची नोंद ‘सापडला नाही’ अशीच करावी, यशात धरू नये. द्राक्षबागायतदाराला हे पटवावं लागणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत फळ दिसत नाही, पण पुढच्या हंगामाचे घड त्याच दिवसांत ठरतात. डिस्चार्जनंतरचे महिने तसेच आहेत, आणि पैसा त्या महिन्यांवर खर्च व्हायला हवा. वर्षभराचा पाठपुरावा करणारा एक समुपदेशक एका महागड्या केंद्रातल्या काही मोजक्या ॲडमिशनच्या खर्चात नेमता येतो.

चौथं, केंद्रांवर नजर. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मनोविकारांचाही समावेश आहे. अशा रुग्णांना ठेवणाऱ्या केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. माणसाच्या मर्जीविरुद्ध त्याला ठेवायचं तर कायद्यातली तपासणी, नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचा, अर्ज आणि सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस अशी मर्यादा आहे. साखळीने बांधायला मनाई आहे. पुरुषाच्या अशा भरतीची खबर सात दिवसांत आणि स्त्रीच्या भरतीची तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. हे माहीत नसल्याने घरचे रात्री गाडी बोलावतात, चार जण येऊन माणसाला उचलून नेतात, आणि महिन्याने तो केंद्रावरचा संताप मनात घेऊन परत येतो.

तेव्हा पैसे भरण्याआधी केंद्राला विचारायच्या गोष्टी अशा: नोंदणी क्रमांक दाखवा. पहिले पाच दिवस डॉक्टर रोज बघणार का, रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेणार? थायमिन कधी देता? घरच्यांना आठवड्याला भेटता येईल का? सुटल्यानंतरच्या आठवड्यात कुठली मीटिंग, कुणाचा फोन, कुठल्या तारखेला फॉलोअप? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘ते मग बघू’ असं आलं तर ते केंद्र सोडा आणि १४४४६ या केंद्र सरकारच्या मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनला किंवा १४४१६ या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करून दुसरं विचारा.